बोटभर पांढरा काठ

प्रिय बारक्या,

जीभ काढल्यापासून तुझं अक्षर फार सुधारलं आहे. रागावू नकोस, मनापासून म्हणतोय. शाळेत तुझी वही बघून मास्तर विचारायचे की हे तू लिहिलंस की वहीवरून कोंबडी चालत गेली, आणि आता चिठ्ठ्या बघाव्यात तर एकेक अक्षर सुटं, ठसठशीत, वरची रेघ सरळ. बोलता येईना म्हटल्यावर हाताला वळण लागलं. तीनही चिठ्ठ्या मिळाल्या. पहिलीत एकच ओळ, पांढरा पाईप पाठव. दुसरीत दोन, पांढरा पाईप पाठव आणि पोरीला दुकानात पाऊल ठेवू देऊ नकोस. तिसरीत त्याच दोन, फक्त दुसरीखाली दोन रेघा, इतक्या दाबून मारलेल्या की कागद फाटलाय. तुझी वहिनी मला रोज टोचते की सख्ख्या भावाला दोन ओळींचं उत्तर द्यायला काय हात मोडलेत का. हात धडधाकट आहेत. पण दोन ओळींचं उत्तर दोन ओळींत देणं मला कधी जमलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. आधी पाईपाचं लिहितो. तुझ्या पोरीचं मागाहून.

दुकान चालू आहे. तू गेलास की ते बसेल असं तुझ्या बायकोला वाटत होतं, तिला सांग, शटर रोज नऊला वर जातं. अजून मधेच अडकतं, आणि अजून मीच खालून लाथ घालतो. जज्जसाहेब येतात, आपल्या स्टुलावर तासभर बसतात आणि काही न घेता जातात. मागच्या खोलीत तुझी खुर्ची जिथे होती तिथेच आहे, खिडकीकडे पाठ करून. छतावर तुझ्या डोक्याच्या बरोबर वर जो तपकिरी गोल उमटला होता, तो झाकायला रंगारी बोलावला. त्याने दोन हात दिले, पैजेवर सांगितलं की आता दिसणार नाही, आणि आठ दिवसांत डाग परत खाली उतरला. रंगारी म्हणाला, हा धूर गिलाव्यात मुरलाय, अख्खं छत खरवडावं लागेल. राहू दे म्हटलं. गिऱ्हाइकं ओढून मुरलेला पाईप मागतात, मी थोडं थांबा म्हणतो. तुझी चौकशी फारशी कोणी करत नाही. त्यांच्या लेखी मागच्या खोलीतला माझा भाऊ पाईप पुसतो, आणि मुरवतो मी.

परवा एका शाळेचे मुख्याध्यापक आले होते, नवं गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं की मुरलेला म्हणजे काय. मग मी माझं भाषण दिलं. तू ते मागच्या खोलीतून हजार वेळा ऐकलंयस, दारसुद्धा ढकलून घ्यायचास, पण पत्राला दार नसतं, तेव्हा परत ऐक. नवा पाईप म्हणजे कोरं लाकूड. झुडपाच्या मुळाची गाठ ती, कितीही वर्षं वाळवली तरी आतून कच्चीच. पहिल्यांदा पेटवला की तंबाखूबरोबर लाकूडही भाजतं, आणि तो धूर कडू, तुरट, घसा ओरबाडणारा. पहिल्या दहा वेळा तंबाखूची वाटी अर्धीच भरायची, मग पाऊण, मग पूर्ण. दर वेळी तळापर्यंत ओढायची, राख आतल्या भिंतीला लावायची, आणि पाईप गार होऊ द्यायचा. असं तीस वेळा झालं की आत काळा, पातळ, टणक थर धरतो आणि लाकूड जळायचं थांबतं. पुढचा धूर गोड. गोड सगळ्यांना हवं असतं, आधीचे कडू तीस कोणालाच नको असतात, म्हणून आमच्या दुकानात ते तीस मी ओढून देतो. छातीवर हात ठेवून सांगतो मी हे. आणि त्यात खोटं असं किती आहे? दुकान माझं, भाऊ माझा, मग भावाचं तोंड काय परक्याचं?

दिवसाला आठ वाट्या तू ओढायचास. बाबांच्या वेळी तीन होत्या, आठ मी केल्या, शेवटी शेवटी बारा झाल्या, आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस. हे मी कौतुकाने सांगतो. तुझ्या हातचा पाईप मी डोळे मिटून ओळखतो. वाटीच्या तळाशी बहुतेकांचा थर पातळ राहतो, कारण शेवटचे झुरके ओले आणि जहर असतात, आणि लोक तिथे सोडून देतात. तू कधी सोडलं नाहीस. तुझा थर वरपासून तळापर्यंत सारखा. एकदा घड्याळजीने भिंग लावून बघितला आणि मला म्हणाला, तुमची चिकाटी दांडगी. मी मान डोलावली.

आता पांढरा पाईप. बाबांनी ते दोन दगड एकाच दिवशी आणले, मी एकवीस वर्षांचा होतो आणि तू अठराचा. पांढरा, हलका, नखाने चरा पडेल इतका मऊ दगड. त्यांनी आठवडाभर बसून दोन सारखे पाईप कोरले, मेणात उकळले, एक माझ्या हातात दिला आणि एक तुझ्या. म्हणाले, हा दगड माणूस ओळखतो. सावकाश ओढला तर धुराच्या उबेने आतलं मेण वर येतं, आणि पांढऱ्याचा लोण्यासारखा, मग मधासारखा, शेवटी गडद तांबूस रंग होतो, पण त्याला वर्षं लागतात. घाई केली तर डागतो, आणि तो डाग जन्मात जात नाही. अट एकच घातली, जो पूर्ण रंगवेल त्याचा पाईप, नाहीतर दुकानाचा. माझा तिसऱ्या आठवड्यात डागला. एका बाजूला काळा ठिपका, रुपयाएवढा. मला वाटलं, बाबा तो फेकून देतील. त्यांनी तो काउंटरवर काचेखाली ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला, की घाई केली की असं होतं. वर सांगायचे, थोरल्याचं तोंड बोलायला बरं आणि धाकट्याचं ओढायला. लोक हसायचे. तूही हसलास, पहिल्या दिवशी. नंतर नाही हसलास, पण पहिल्या दिवशी हसलास, आणि ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी पुढे आणि तू मागे. तुला मागच्या खोलीत मी बसवलं नाही, बाबांनी बसवलं. मी फक्त बाहेर काढलं नाही.

हेवा वाटला, हे कबूल करायला मला लाज नाही. बारा वर्षं तो डागलेला पाईप माझ्या कोपराशी काचेखाली होता, आणि मागच्या खोलीत तू आठवड्यातून एकदा, शनिवारी काम आटोपलं की, तुझा पांढरा काढायचास. हाताला फडकं गुंडाळून धरायचास, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून. सगळ्या आठवड्यात तेवढी एकच वाटी तुझी स्वतःची. बाकीचे पाईप ओढताना तुझ्या तोंडावर काही दिसायचं नाही, पण शनिवारी दिसायचं. मी दाराच्या फटीतून बघायचो. बाबा गेले त्याच दिवशी मी काचेखालचा माझा पाईप स्टोव्हमध्ये टाकला, हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय. दगड होता तो, जळला नाही, तडकला.

हे लिहितानाही एक पेटवला आहे. वाकड्या दांडीचा, तूच मुरवलेला, सर्वांत जुन्यांपैकी. तुला आता चव कळत नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून जरा तपशिलात लिहितो, तेवढंच तुला वाचायला. डबा उघडला की आधी वास येतो, वाळलेल्या अंजिरांचा, थोडा ओल्या गवताचा, आणि मागे कुठेतरी आंबूस. चिमूट सैल करून भरायची, बोटाला गादीसारखी दबली पाहिजे. पहिली काडी फक्त वरचा थर शेकायला, मग दाबून दुसरी. पहिल्या पाच मिनिटांत नुसता गोडवा असतो, तो मला पूर्वी आवडायचा. आता मधला भाग आवडतो, धूर जाड होतो, जिभेवर मिरीसारखी चुणचुण येते, वाटी तळहातात गरम होते, आणि माणसाला कुठे जायची घाई राहत नाही. विचार येतात आणि टोचत नाहीत. तीस वर्षांत मी घेतलेले सगळे निर्णय मी याच वेळी घेतलेत, चुकीचेसुद्धा, आणि एकाचाही मला त्रास झाला नाही. पाईपाचं सुख हेच आहे बघ. ते तुझ्याकडून काही मागत नाही असं वाटतं. तुलाही असंच वाटायचं ना शनिवारी? मी कधी विचारलं नाही. आता विचारतोय तर तुला उत्तरासाठी कागद लागतो.

त्या चाव्याचंही बोलून टाकू. तुझी बायको आल्यागेल्याला सांगते की दादांनी वर्ष घालवलं. वर्ष नाही, दहा महिने, आणि घालवले असतील तर तू आणि मी मिळून. तंबाखू जिभेला चावतो हे आपल्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भराभर ओढला, ओलसर तंबाखू ओढला, की जिभेची कड सोलवटते, दोन दिवस तिखट सोसत नाही, मग आपोआप बरी होते. चावा लागला म्हणणं म्हणजे मला ओढता येत नाही म्हणणं. म्हणून तू तीन महिने गप्प होतास. बाबांचा लाडका ओढणारा, तू कसं कबूल करणार? आणि मग एका दुपारी तू पुढे आलास, दुकानात चार माणसं असताना, आणि तोंड उघडून मला जीभ दाखवलीस. डाव्या कडेला पांढरट, शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं. मी बघितलं. चार माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्या चारांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की त्यांच्या खिशातला पाईप तुझ्या तोंडून आलाय. तेव्हा मी म्हटलं की बघा, आमच्या धाकट्याने पुसता पुसता चोरून दोन झुरके मारले, लगेच चावा लागला. जज्जसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू जीभ आत घेतलीस, माझ्याकडे बघितलंस आणि मागे गेलास.

संध्याकाळी मी तुला कोरडा तंबाखू आणून दिला, सावकाश ओढ म्हणून सांगितलं. आणखी काय करायचं होतं मी? मला चावाच वाटला, तुलाही चावाच वाटला, पन्नास वर्षं या दुकानात ज्याला त्याला चावाच वाटला असता. दुसऱ्या कोणाच्या घरात असं झालं असतं तर आठ दिवसांत डॉक्टर गाठला असता, कारण त्यांना चावा माहीतच नसतो. पुढे सात महिने तू परत जीभ दाखवली नाहीस आणि मीही दाखव म्हटलं नाही. बारा वाट्या वेळेवर होत होत्या. शेवटी तुझ्या बायकोने तुला ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर नुसती कड काढून भागलं असतं. मला वाईट वाटलं, बारक्या. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

हॉस्पिटलात मी एकदाच आलो, यावरूनही घरात बोललं जातं असं कळलं. एकदाच आलो कारण दुसऱ्यांदा तुझ्या बायकोने दारातून परतवलं. ऑपरेशनला पाच दिवस झाले होते. खाली बाकावर बसून एक वाटी ओढली आणि मग वर आलो, अंगात तोच कोट. तू डोळे मिटून पडला होतास, एका नाकपुडीत नळी, गळ्याला बँडेज. मी खुर्ची ओढून बसलो आणि तू मान वळवलीस. माझ्याकडे नाही, कोटाकडे. मोकळ्या नाकपुडीने लांब श्वास घेतलास, सावकाश, शनिवारी घ्यायचास तसा. मग आणखी एक. तुझी बायको कोपऱ्यात फळं चिरून ठेवत होती, कोणासाठी ते देव जाणे, तिने ते बघितलं आणि सुरी खाली ठेवली. मला म्हणाली, बाहेर व्हा. मी निघालो, पण खरं सांगू, मला आनंद झाला होता. त्यांनी जीभ नेली, पण ओढ नेता आली नाही. बाबा असते तर अभिमानाने सांगत सुटले असते.

तेव्हा तू पांढरा पाईप का मागतोस ते मला कळतं. ओढायचा नाहीच, हातात धरायचा, नाकाशी न्यायचा. चाळीस वर्षांच्या शनिवारांचा वास आहे त्यात. मी तो कपाटातून काढून खिडकीत बघितला. तळाशी जवळजवळ काळपट तांबूस, मध्यावर मध, दांडी तर अशी की जुनं तूप. कुठे एक डाग नाही. पण वरचा काठ, बोटभर, पांढरा होता. तू वाटी कधी काठोकाठ भरलीच नाहीस, जन्मभर जपून, बोटभर जागा सोडून. बाबांची अट काय होती, पूर्ण रंगवेल त्याचा. मोठ्यांचा शब्द मी मोडत नाही, आणि माझा पाईप काचेखाली ठेवला तेव्हा माझ्यासाठीही कोणी मोडला नव्हता. म्हणून तुझ्या पहिल्या चिठ्ठीला मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होतो, की बोटभर राहिलंय, ये आणि पुरं कर?

आता पोरीचं. तुझी पहिली चिठ्ठी आली त्याच्या आठ दिवसांनी ती आली, सकाळी अकराच्या सुमारास, छत्री टेकून उभी राहिली आणि बस म्हटलं तर बसली नाही. तोंड आईचं, जबडा तुझा. म्हणाली, काका, बाबांचा पाईप द्या. मी तिला अट सांगितली, काठ दाखवला. मला वाटलं भांडेल, तिच्या आईसारखी. ती भांडली नाही. पाईप फडक्यात धरून बराच वेळ काठाकडे बघत राहिली आणि मग विचारलं की एवढं रंगवायला किती वाट्या लागतील. तिने विचारलं, मी नाही, हे ध्यानात ठेव. मी म्हटलं, काठोकाठ भरून, योग्य तोंडाने ओढल्या तर शंभर, एकशेवीस. तिने विचारलं, योग्य तोंड म्हणजे कोणाचं. मी खरं तेच सांगितलं, की माझं नाही, माझ्या हातून डागतो. तुझ्या बापाचं होतं. ती सव्वीस वर्षांची आहे, शिकलेली आहे, बापाच्या गळ्याचं बँडेज रोज स्वतः बदलते. तिला मी काय समजावणार?

तुझी दुसरी चिठ्ठी आली तेव्हा ती तुझ्या खुर्चीत बसून अकरावी वाटी ओढत होती. मी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खणात ठेवली. ती वाचून दाखवली असती तर तिचा श्वास चुकला असता आणि दगड डागला असता, मग पाईप कोणाचाच राहिला नसता. पहिले तीन दिवस तिला ओकाऱ्या झाल्या. तुझी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन मोरीच्या दाराशी उभी राहायची आणि मला नाही नाही ते बोलायची, रडायचीही. पण पोरीने तोंड धुतलं की परत खुर्चीत. दिवसाला दोनच वाट्या, दगड गार व्हायला हवा. मधल्या वेळात रिकामं काय बसायचं म्हणून तिनेच फळीवरचा एक कोरा पाईप उचलला आणि विचारलं, हा कसा मुरवतात. घरी तिने पुस्तकं बांधणाऱ्याकडे काम धरलंय असं सांगितलंय ना? त्याच्याकडे सरसाचा वास असतो, बाकी सगळे वास त्यात खपतात. इथून निघताना ती कपडे बदलते, हात स्पिरिटने पुसते, केसांना फडकं बांधते. तुझी तिसरी चिठ्ठी, ती रेघांची, आली तेव्हा ऐंशी वाट्या झाल्या होत्या. रेघा बघून मला वाटलं, तुझ्या नाकाने ओळखलं असावं. तीही खणात ठेवली.

गेल्या शुक्रवारी काठ पुरा झाला. मी पाईप पुसून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, जा, अट संपली, आता तुझ्या बापाचा. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. काठ बघून तुला सगळं कळेल आणि तू ते सहन करणार नाहीस, अशी तिला भीती वाटली. म्हणून तिने मला हात जोडून विनवलं की काका, तुमचं मन पालटलं एवढंच बाबांना कळवा आणि पाईप पोस्टाने पाठवा, माझं नाव काढू नका. मी हो म्हटलं, आणि शब्द मोडतोय, कारण आपण दोघं भाऊ आहोत आणि तुझ्यापासून काही लपवणं मला बरं वाटत नाही. शिवाय सोमवारी शटर वर केलं तेव्हा ती पायरीवर उभी होती. मी बोलावलं नव्हतं. अट संपली होती, पाईप खोक्यात बांधून ठेवला होता, तिला यायचं काहीच कारण नव्हतं. ती आत गेली, तुझ्या खुर्चीत बसली आणि फळीवरून एक कोरा पाईप घेतला, आणि काल दिवसभरात सहा वाट्या ओढल्या, तळापर्यंत. ती का आली ते मला समजावून सांगता येणार नाही, ते तुलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सोबतच्या खोक्यात पाईप आहे. उजेडात नीट धरून बघ, आता बाबा नाहीत, पारख करणारा तूच एक उरलायस. तुझा रंग कुठे संपतो आणि पोरीचा कुठून सुरू होतो, मला तर शोधून सापडलं नाही. तुला सापडलं तर चिठ्ठी पाठव.

तुझाच,
दादा